डाग

दिवाळीपूर्वी वडिलांच्या सागवानी मेजाला पॉलिश करायला मिस्त्री आला. मेजावर डाग दोन. चहाच्या कपाचे पांढरे कडे आणि शाईचा काळा ओघळ.

"पांढरा लाखेतच अडकलाय, दमटपणाचा. स्पिरिट-लाखेचा बोळा फिरवला की जाईल. काळा लाकडात उतरलाय, तासावं लागेल."

मी म्हणालो, "दोन्ही राहू देत. वडिलांची आठवण."

आई म्हणाली, "तुझी असेल! कपाखाली बशी घ्या म्हणून जन्मभर सांगत होते मी."

खुणेवर हक्क कोणाचा? प्रेमाने पाहणाऱ्याचा, की रोज ते मेज पुसणाऱ्याचा? (मी एकदाही पुसले नव्हते.) मी गप्प बसलो. कडे गेले.

मिस्त्री ओघळाकडे वळला, तशी आईच म्हणाली, "तो असू दे. ती दौत तू सांडली होतीस."