बेनिग्नोला माफ करायचं का?

पेद्रो आल्मोदोवारचा 'आब्ले कोन एया' (म्हणजे 'तिच्याशी बोल') हा चित्रपट 2002 साली आला आणि पुढच्या वर्षी त्याच्या पटकथेला ऑस्करही मिळालं. प्रेक्षकांचं मात्र बेनिग्नोबद्दल आजही एकमत नाही.

बेनिग्नो परिचारक आहे. चार वर्षं कोमात असलेल्या आलिसियाला तो न्हाऊ घालतो, मालिश करतो, केस कापतो. पिना बाउशचा नृत्यप्रयोग पाहून आला की तिच्या उशाशी बसून सगळं साग्रसंगीत सांगतो. बघणाऱ्याला वाटतं, असा जीव लावणारा माणूस विरळाच. मग कळतं, आलिसिया गरोदर आहे.

बेनिग्नोने केलेला बलात्कार पडद्यावर दिसतच नाही. त्याऐवजी आल्मोदोवार एक मूकपट दाखवतो: त्यात आकसत गेलेला प्रियकर झोपलेल्या प्रेयसीच्या शरीरात शिरतो. काहींना यात कलावंताचा संयम दिसतो, तर काहींना गुन्ह्यावर घातलेलं रेशमी पांघरूण. हा आक्षेप सहज झटकता येत नाही.

त्यात भर म्हणजे बाळ मृत जन्मतं, पण बाळंतपणानंतर आलिसिया शुद्धीवर येते. अपराधातून चांगलं निपजलं तर त्याचं पाप हलकं होतं का? कर्मफळाच्या चर्चेत वाढलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकालाही हा प्रश्न परका नाही.

बेनिग्नोचा मित्र मार्को तुरुंगातही त्याची साथ सोडत नाही. मित्राने दया दाखवावी, हे समजू शकतं. पण माफीचा अधिकार एकट्या आलिसियाचा. आणि तिला काय घडलं, हे चित्रपटात कुणी सांगतच नाही.