सुई निघाल्यानंतरचं मागणं

॥ श्रीगुरुदेव ॥



या गुरुवारच्या पत्रात खरं तर दुसराच विषय घ्यायचा होता. पण गेले दोन महिने आमच्या इंदूरच्या घरात एकच गोष्ट चालू आहे. ग्रुपवर अर्ध्यांना ती ठाऊक आहे, अर्ध्यांना अर्धवट ठाऊक आहे, आणि अर्धवट माहितीनंच जास्त घोळ होतो. म्हणून लेकीला विचारून लिहीत आहोत. तिनं मजकूर वाचला, दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

झालं असं. भाच्याच्या हळदीला लेकीनं आजीची ठुशी घातली होती. वडोदऱ्याच्या आत्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच फोन केला, "अगं, ठुशीच्या वर डाव्या बाजूला हे काय दिसतंय?" आम्ही म्हटलं, उजेडाचा खेळ असेल. पण रात्री आरशासमोर उभी राहून ती घोटभर पाणी प्यायली, तर तो उंचवटा घोटाबरोबर वर गेला आणि खाली आला. थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी, आणि तिच्यातली गाठ गिळताना अशी हलते, हे आम्हाला त्यानंतर कळलं.

आधी रक्त तपासलं. टीएसएच अगदी व्यवस्थित. आम्ही तर पेढेच आणायला निघालो होतो! डॉक्टर म्हणाले, थांबा, रक्तातली पातळी बरोबर असणं वेगळं आणि गाठ साधी असणं वेगळं. मग सोनोग्राफी झाली. गाठ १.८ सेंटीमीटरची, आतून भरीव, भोवतालच्या भागापेक्षा काळपट दिसणारी. खाली लिहिलं होतं, टी-रॅड्स ४, म्हणजे मध्यम संशयास्पद. या प्रतीची गाठ दीड सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असली की सुईनं पेशी काढून तपासतात. त्याला एफएनएसी म्हणतात.

'संशयास्पद' हा शब्द आपण कुणाबद्दल वापरतो? गल्लीत उगाच घुटमळणाऱ्या माणसाबद्दल. लेक म्हणाली, "गळ्यात कोणी चोर दबा धरून बसलाय असं वाटतंय." वय २६. दिवसभर ऑफिसात हसून बोलायची आणि रात्री दोन वाजता अंधारात मोबाइलचा उजेड तिच्या तोंडावर दिसायचा.

आम्ही तिला आकडे सांगत होतो. अशा गाठी फार जणांना असतात, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, आणि शंभरातल्या नव्वदाहून अधिक साध्याच निघतात. हे सगळं खरं आहे. तिनं ते आमच्या आधीच वाचलेलं होतं. "बाबा, त्या उरलेल्यांतली मी असले तर?" याला आकड्यांत उत्तर नाही.

मग ग्रुपवरचे निरोप सुरू झाले. सगळे प्रेमानं आले, हे आधी लिहितो. धण्याचं पाणी, उज्जायी, गळ्याला लेप, अमुक इतके जप. यातलं बरंचसं निरुपद्रवी आहे, पण "आधी तीन महिने हे करून पाहा, मग सुईचं बघू" असं जोडलं की ते निरुपद्रवी राहत नाही. आणि बेळगावच्या काकांचा निरोप होता, "सुई लावू देऊ नका, सुई लागली की पसरतं." ही समजूत आपल्याकडे घराघरात आहे. पूर्वी लोक दुखणं हाताबाहेर गेल्यावर तपासणीला जात, त्यानंतर माणूस खालावला की दोष सुईला मिळे. त्यातून ती आली असावी असं आम्हाला वाटतं. थायरॉइडला लावायची सुई रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक असते, आणि तिच्यामुळे रोग पसरणं ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे, असं डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. महाराजांकडे कुणी दुखणं घेऊन गेलं की त्यांचा पहिला प्रश्न काय असायचा ते जुन्या मंडळींना आठवत असेल. डॉक्टरला दाखवलं का? अंगारा त्याच्यानंतर.

पण लेकीला लागला तो वेगळाच निरोप. कुणी पाठवला ते लिहीत नाही. "ज्याची श्रद्धा पक्की, त्याला भीती कसली?" ती दोन दिवस आरतीला खाली आली नाही. म्हणाली, "मला भीती वाटते, म्हणजे माझी श्रद्धा कच्ची. मग मी तिथं उभी राहून काय करू?"

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. गीता सुरू कुठून होते बघा. हातपाय गळालेल्या, तोंडाला कोरड पडलेल्या, धनुष्य हातातून निसटत असलेल्या माणसापासून. तो काही अभक्त नव्हता, साक्षात सखा होता. आणि भगवंतांनी त्याला "काही होणार नाही रे, मी आहे ना" एवढं म्हणून गप्प केलं नाही. पुढे काय आहे ते दाखवलं, तेही भयंकर होतं, आणि शेवटी तुझ्या इच्छेला येईल तसं कर म्हणून सोडून दिलं. भीती ही अंगाची गोष्ट आहे, घाम येतो तशी ती येते. तिच्यामुळे आपण तपासणी टाळली, खोटं बोललो, कुणावर ओरडलो, तर तिथं श्रद्धेचा प्रश्न येतो. नुसतं काळीज धडधडलं म्हणून येत नाही.

खोटं बोलण्याचा विषय निघालाच आहे, तर आमचीच गोष्ट सांगतो. त्या सुमारास एक चांगलं स्थळ आलेलं होतं. दोन भेटी झाल्या होत्या. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात हळू आवाजात ठरवलं, रिपोर्ट येईपर्यंत तिकडे काही बोलायचं नाही. लेकीनं ऐकलं. तिचा प्रश्न साधा होता, "आणि रिपोर्ट चांगला आला, तर कधीच सांगायचं नाही का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण मनात तेच होतं. आम्ही रोज संध्याकाळी दिवा लावून सत्याच्या गोष्टी सांगणारी माणसं. मुलगी आजारी असेल-नसेल, पण तिला लपवण्यासारखी वस्तू आम्ही आधीच करून ठेवली होती. तिनं त्या मुलाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तो नीट बोलला. त्याच्या घरचे "कळवतो" म्हणाले. अजून कळवलेलं नाही. आम्ही त्यांना दोष देत नाही, आम्हीही त्यांच्या जागी काय केलं असतं कोण जाणे.

सुईचा दिवस त्या मानानं सोपा गेला. खांद्याखाली उशी देऊन मान मागे करायला लावतात, सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात, दोन-तीनदा. प्रत्येक वेळी काही सेकंदांचं काम. दुखण्यापेक्षा दाब जाणवतो, असं ती म्हणाली. "पण गिळू नका म्हटलं की नेमकं गिळावंसंच वाटतं." बाहेर आली ती गळ्यावर छोटी पट्टी लावून, आणि पहिलं काय मागितलं तर पोहे-जिलेबी.

खरा प्रश्न त्यानंतरच्या पाच दिवसांत उभा राहिला. रिपोर्ट यायला पाच दिवस होते. आमच्यापैकी एकीनं (कोणी ते सांगायला नको) खजराण्याच्या गणपतीला नवस बोलला, देवळामागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून आली. घरी आल्यावर लेक शांतपणे म्हणाली, "आई, सुई निघाली. त्या पेशी आता काचेवर चिकटल्या आहेत. त्या ज्या आहेत त्या आहेत. आता देवानं काय बदलायचं?"

घरात एकदम शांतता झाली. चिडण्यासारखं होतं, पण खोटं नव्हतं.

हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायली, मराठी बोलणारे, शनिवार पाळणारे, म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांच्या धर्मात मिश्ना नावाचा अठराशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ आहे. त्यात हाच प्रश्न घेतला आहे. माणूस गावाकडे परततोय आणि लांबून आक्रोश ऐकू येतो. तो म्हणतो, हा आवाज माझ्या घरातला नसू दे. तिथले आचार्य म्हणतात, हे मागणं फुकट आहे, कारण जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. आपल्या वेदान्तातही प्रारब्धाला धनुष्यातून सुटलेल्या बाणाची उपमा देतात. भात्यातले बाण वेगळे, हातातला वेगळा, सुटलेला वेगळा. सुटलेल्या बाणाला परत बोलावता येत नाही.

कुणी म्हणेल, देवाला काळाचं बंधन नाही, तुम्ही उद्या काय मागणार ते त्याला कालच ठाऊक होतं. असेल. हे खोडून काढण्याइतके आम्ही शहाणे नाही. पण त्या नवसानं घरात काय चाललं होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. रिपोर्ट ही आमच्या भक्तीची परीक्षा होऊन बसली होती. चांगला आला तर नवस पावला. आणि वाईट आला तर? कुणाची भक्ती कमी पडली? आईची, बापाची, की आरतीला दोन दिवस न आलेल्या मुलीची? म्हणजे गळ्यातली गाठ होतीच, वर आणखी एक अपराध तिच्या गळ्यात आम्ही बांधत होतो. प्रारब्ध हा शब्दही असाच जपून वापरायला हवा. स्वतःचं सोसताना तो आधार देतो. दुसऱ्याच्या दुखण्यावर बोट ठेवून म्हटला की तो आरोप होतो.

मग मागायचं तरी काय? काचेवरच्या पेशी ठरलेल्या होत्या, पण पुष्कळ गोष्टी ठरलेल्या नव्हत्या. रात्री दोन वाजता ती एकटी जागी राहील की कुणी शेजारी बसेल, हे ठरलेलं नव्हतं. रिपोर्ट आला तर आधी तिला वाचायला देऊ की आधी आम्ही वाचून तोंडं लपवू, हेही नव्हतं. सुटलेला बाण सोडून बाकीचे हातातच होते. त्या पाच दिवसांत आरतीनंतर आम्ही एवढंच मागायला लागलो, की जे येईल ते तिच्याशी सरळ बोलता येऊ दे. नवस मोडलेला नाही, हेही लिहून ठेवतो. आईचं मन, त्याला तर्क किती लावायचा.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. लिफाफा तिनंच फोडला. ना चांगला, ना वाईट. बेथेस्डा ३.

थायरॉइडच्या पेशींच्या अहवालाचे सहा वर्ग करतात, अमेरिकेतल्या बेथेस्डा गावी २००७ साली झालेल्या बैठकीवरून हे नाव पडलं. दुसरा म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कर्करोग. तिसरा म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण नक्की काही म्हणता येत नाही. इतका उपास-तापास, इतका जप, आणि उत्तर आलं "सांगता येत नाही"! लेक आधी रडली आणि मग हसत सुटली.

डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा सुई लावू म्हणून सांगितलं. आम्ही विचारलं, एवढं थांबणं बरोबर आहे का, काढूनच टाकू या ना. त्यांनी दक्षिण कोरियाची गोष्ट सांगितली. तिथं १९९९ नंतर लोक सरसकट गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ लागले आणि २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाची नोंद १९९३ च्या मानानं पंधरापट झाली. पण त्यानं मरणाऱ्यांचा आकडा होता तिथंच राहिला. म्हणजे ज्यांनी कधी त्रास दिला नसता अशा गाठी शोधून काढल्या गेल्या, ग्रंथी कापल्या गेल्या, आणि माणसं जन्मभराच्या गोळ्यांवर आली. उलट जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलात १९९३ पासून एक सेंटीमीटरपर्यंतचे, धोक्याच्या खुणा नसलेले कर्करोगही न कापता नुसते नजरेखाली ठेवतात, आणि बहुतेकांत वर्षानुवर्षं फारसा फरक पडत नाही. आणखी एक नवल. २०१६ साली थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठीच्या नावातून तज्ज्ञांनी कर्करोग हा शब्दच काढून टाकला, कारण ती तसं वागतच नाही. पेशी त्याच, नाव बदललं. किती जणींनी त्या जुन्या नावाखाली रात्री काढल्या असतील.

याचा अर्थ कुणी तपासणी टाळावी असा बिलकुल नाही. आमच्या लेकीची गाठ १.८ आहे, जपानातल्यांसारखी नाही, आणि तिचं थांबणं डॉक्टरांच्या नजरेखालचं आहे, तारीख ठरवून. आत्ता उठून घाबरून कापायचं नाही आणि विसरूनही जायचं नाही. हे मधलं थांबणं सगळ्यात अवघड. साधनेतही ते अवघडच जातं.

पुढची सुई दिवाळीनंतर आहे. लेकीचं सगळ्यांना सांगणं आहे की तिच्या नावानं कुणी कडक उपास धरू नये, खास करून ग्वाल्हेरच्या आजींनी, त्यांना साखर आहे. "रिपोर्ट आला का?" असं रोज विचारू नये, आला की ती स्वतः टाकेल. विचारायचंच असेल तर जेवलीस का, एवढं विचारावं.

आणि परवा बेळगावच्या काकांचा फोन आला, थेट तिलाच. "अगं, ती सुई नेमकी कितीशी जाड असते?" तिनं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, काकूंच्या गळ्याला दोन वर्षांपासून काहीतरी आहे, ती पदर घेऊन झाकते, मीही बघून न बघितल्यासारखं केलं. सोमवारी सोनोग्राफीची वेळ घेतली आहे. लेक आता रोज रात्री काकूंशी बोलते. कालच्या बोलण्यातलं एवढंच आमच्या कानावर आलं, "काकू, गिळू नका म्हणतील, तेव्हा आधीच एक घोट पाणी पिऊन घ्या."