कापडाखालचें काम

जें काम लवकरच झाकून जाणार आहे व एकदां झाकलें म्हणजे पुष्कळ वर्षें कोणाच्याही दृष्टीस पडणार नाहीं, तें कितपत चांगलें करावें? हा प्रश्न नवा नव्हे. पाया भरणाऱ्या गवंड्यास तो पडतो. वाळवीनें पोखरलेल्या खांबाभोंवतीं भिंत लिंपून घेणाऱ्या घरधन्यासही पडतो. आज आम्ही तो एका अशा यंत्राच्या निमित्तानें वाचकांपुढें ठेवीत आहों, कीं जें आपल्या खेड्यांतील बहुतेकांनीं जवळून पाहिलेलें नसेल. तें यंत्र म्हणजे कापडानें मढविलेलें जुनें लहान विमान.

विमान आणि कापडाचें, हें कसें, असें कोणी विचारील. परंतु 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं ज्या पस मॉथ विमानांतून कराचीहून अहमदाबादेवरून मुंबईस टपाल आणलें, त्याचेंही धड पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलें व पंख लांकडी होते. अमेरिकेंत या वर्गांतील सर्वांत प्रसिद्ध विमान म्हणजे पायपर कब. त्याचा जे-3 नांवाचा प्रकार 1938 पासून 1947 पर्यंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील लॉक हेवन या गांवीं तयार होत असे, व तशीं जवळजवळ 20,000 विमानें बाहेर पडलीं. रंग पिवळा, बाजूवर विजेसारखी काळी रेघ, दोन माणसें एकामागें एक बसावयाचीं, इंजिन बहुतेकांस 65 घोड्यांच्या शक्तीचें. रिकाम्या विमानाचें वजन सुमारें 765 पौंड, म्हणजे एका भरल्या अंगाच्या बैलाहून फारसें अधिक नाहीं. वीज मुळींच नाहीं. पुढचा पंखा हातानें फिरवून इंजिन सुरू करावयाचें. टाकींत तेल किती उरलें हें पाहण्याची युक्तीही मौजेची आहे: तेलावर एक बूच तरंगतें, त्यास लावलेली तार झांकणांतून वर डोकावते, व तेल उतरेल तशी तार खालीं जाते.

अशीं शेंकडों विमानें अद्यापि उडतात. उत्तरेकडील प्रांतांत बर्फ पडूं लागलें व गवताळ मैदानें झांकून गेलीं म्हणजे कित्येक मालक आपलें विमान एखाद्या कोठारांत ओढून घेतात व सबंध हिंवाळा त्याची दुरुस्ती करीत बसतात. पंख सोडवावयाचे, जुनें कापड कापून काढावयाचें, इंजिन उतरवून त्याचे भाग मोजावयाचे. नवें कापड मात्र बहुधा उन्हाळ्याकडे चढतें. कारण त्यावर द्यावयाचें डोप नांवाचें रोगण थंड व दमट हवेंत पांढरें पडतें. हिंवाळ्याचे महिने हे उघड्या सांगाड्याचे महिने होत.

आणि उघड्या सांगाड्यांत काय दिसतें? हें विमान जमिनीवर शेपूट टेंकून उभें राहतें, त्यामुळें आंत शिरलेलें पाणी उताराला लागून शेपटीकडे सांचतें व तेथील खालच्या नळ्यांस गंज चढतो. पंखांचे मुख्य वासे कांहीं विमानांत स्प्रूस नांवाच्या हलक्या लांकडाचे असतात. त्यांस खिळीच्या भोंकांजवळ बारीक चिरा पडलेल्या सांपडतात. पंखांस खालून तोलून धरणारे तिरपे दांडे पोकळ असतात व आंतून कुजतात. बाहेरचा रंग मात्र तुळतुळीत. हे दांडे इतके फसवे ठरले कीं, 1993 सालीं अमेरिकन सरकारच्या विमान-खात्यानें पायपरच्या विमानांवरील असे दांडे ठराविक मुदतीनें तपासलेच पाहिजेत, अगर त्यांच्या जागीं आंतून बंद केलेले नवे बसविले पाहिजेत, असा हुकूम काढला.

आतां प्रश्न उभा राहतो. जानेवारी महिना आहे. शेपटीजवळच्या नळीवर गंजाचे खड्डे दिसले. नळी कापून नवी जोडावयाची तर जोडकाम करणारा मनुष्य आणावा लागणार, व महिनाभर काम मागें पडणार. इकडे नवें कापड येऊन पडलें आहे. मन हळूच म्हणतें, "इतकीं वर्षें उडतच होतें ना?" गंजावर घांसून रंग दिला तर कोणासही कळणार नाहीं, आणि बहुतकरून कांहीं होणारही नाहीं. या "बहुतकरून" शब्दांतच सगळी फसगत आहे, असें आम्हांस वाटतें. कारण तो शब्द बोलणारा एक असतो व त्याची किंमत देणारा दुसरा.

कोणी म्हणतील, मालक स्वतःच उडणार, स्वतःचा जीव धोक्यांत घालणार. त्यांत इतरांचें काय जातें? पण विमानांत बैठकी दोन आहेत. पुढच्या बैठकीवर कधीं पुतण्या बसेल, कधीं शेजारी बसेल, व त्यानें सांगाडा पाहिलेला नसेल. शिवाय विमान विकलें जातें. पूर्वीं कपाशीचें कापड असे, तें कांहीं वर्षांनीं जीर्ण होऊन उतरावेंच लागे, आणि त्या निमित्तानें कोणाची तरी दृष्टि आंत जाई. हल्लींचें पॉलिएस्टरचें कापड, ऊनपावसापासून जपल्यास, दोन-तीन दशकें टिकतें. कापड जितकें चांगलें, तितका आंतील दोष अधिक काळ अंधारांत राहतो! सुधारणेचा हा परिणाम विचार करण्यासारखा आहे.

31 मार्च 1931 रोजीं अमेरिकेच्या कॅन्सस प्रांतांत फोकर कंपनीच्या बनावटीच्या एका उतारूंच्या विमानाचा पंख हवेंत तुटला व आंतील आठही माणसें ठार झालीं. त्यांत फुटबॉलचे सुप्रसिद्ध शिक्षक नूट रॉकनी होते, म्हणून देशभर हाहाकार झाला. पंख लांकडी असून वरून प्लायवुडनें मढविलेले होते. आंत ओलावा शिरून सरसाचे सांधे सुटल्यामुळें पंख गेला, असा निष्कर्ष निघाला. मढविलेलें लांकूड काढल्याशिवाय तें दिसण्याजोगें नव्हतें. सरकारनें त्या जातीचीं विमानें कांहीं काळ बंद ठेविलीं, व पुढें उतारूंच्या विमानांतून लांकडी पंख जाऊन धातूचे आले. त्या प्रकरणीं कोणीं आंत पाहून डोळे मिटले असें आम्ही म्हणत नाहीं. आंत कोणीं पाहिलेंच नव्हतें. ज्यानें कोठारांत स्वतःच्या हातानें कापड काढलें व दिव्यापुढें गंज पाहिला, त्याची गोष्ट निराळी आहे.

येथें एक अडचण आहे, ती लपविणें बरें नव्हे. संशय आला तो प्रत्येक भाग बदलावयाचा असें ठरविलें, तर विमान कधींच पुरें होणार नाहीं. असे मालक आहेतच, कीं ज्यांचे हिंवाळ्यामागून हिंवाळे गेले व यंत्र कोठारांतच राहिलें. ही निष्ठा नव्हे. निर्णय घेण्याचें भय आहे. वरवरचा गंज घांसून काढून रोगण देणें रास्तच आहे. नळींत ऊन जवसाचें तेल ओतून, तें सर्व बाजूंस फिरवून, उरलेलें काढून टाकण्याची चाल जुनी व चांगली आहे. तेलाचा पातळ थर आंत राहून गंजास अटकाव होतो. तेव्हां सगळें नवें करणें हें कर्तव्य नव्हे. आमच्या मतें कर्तव्य इतकेंच कीं, जें आपणांस ठाऊक झालें आहे तें पुढच्या मनुष्यास कधीं कळूं नये, अशी व्यवस्था आपण करूं नये.

म्हणूनच प्रत्येक विमानाबरोबर नोंदवही असते. अमेरिकेंत मालकास आपल्या विमानाचें काम परवानेदार कारागिराच्या देखरेखीखालीं करतां येतें. पण त्या कारागिरानें तें स्वतः पाहिलें पाहिजे, आणि दर बारा महिन्यांनीं अधिकारी तपासनिसाची सही झाली पाहिजे. सही करणारा स्वतःच्या डोळ्यांची साक्ष देत असतो. "नळी पाहिली, खड्डे उथळ, घांसून रोगण दिलें, बदलली नाहीं," असें एक वाक्य वहींत असलें म्हणजे दहा वर्षांनीं विमान घेणारा अनोळखी मनुष्य पहिल्याच दिवशीं तेथें हात लावून पाहील. तें वाक्य लिहिल्यानें विमानाची किंमत थोडी उतरेल, हेंही खरें.

मार्चअखेर हवा उबदार होते. मग कापड चढतें, इस्तरीच्या उष्णतेनें आकसून ढोलाच्या कातड्यासारखें ताणलें जातें. मेण लावलेल्या दोरीनें पंखाच्या प्रत्येक फांसळीशीं तें कांहीं इंचांच्या अंतरावर टांचून घेतात, व दर टांक्यास निराळी गांठ मारितात, कीं एक तुटली तरी शेजारची धरून राहावी. पंख्याच्या वाऱ्याचा झोत जेथें लागतो तेथें टांके अधिक जवळ. या गांठींवरही पुनः कापडी पट्टी चिकटते आणि वर पिवळा रंग येतो. त्यापूर्वीं एक दिवस कारागीर येतो, दिवा घेऊन शेपटीपासून इंजिनापर्यंत सांगाडा पाहतो, आरीनें दोन-चार नळ्या टोंचून पाहतो, आणि वही मागतो.