आजचे चिंतन : आपलं 'अति' कोणतं?

आजचे श्लोक : गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७.

एकादशीला माढ्याला घरी होतो. उपवास म्हणून साबुदाणा वडे, चार कप चहा, वर रात्री दोनपर्यंत ऑफिसचा कॉल. पहाटे छातीत जळजळ! आई म्हणाली, "एकादशी अन् दुप्पट खाशी! देवाला कशाला पुढं करतोस?" लागलं मनाला.

मी तर अल्कलाइन पाणी मागवणार होतो. पण निरोगी शरीरात रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं अन् मूत्रपिंडंच सांभाळतात. जेवणाने तो फारसा हलत नाही. जठरातलं आम्लही पचनासाठीच असतं. ते वर चढतं, ते बऱ्याचदा आपल्या सवयींमुळे. म्हणजे समतोल भगवंताने आधीच दिलाय, बिघडवतो आपण.

गीता तेच सांगते : अति खाणाऱ्याला योग साधत नाही, अन् अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. झोपेचंही तसंच.

आता झोपेआधी तीन तास जेवण, चहा दोनच कप, लॅपटॉप मिटून हरिपाठ. जळजळ वारंवार होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आज आपलं एक 'अति' ओळखूया, तेवढंच देवापुढे ठेवूया.