मग बोलायचं कोणाशी?



आजचं चिंतन पसायदानावर.

दर रविवारी मी शहरातल्या एका निरीक्षणगृहात कॉम्प्युटर शिकवायला जातो. गुन्ह्याचा आरोप असलेल्या, 18 वर्षांखालच्या मुलांना चौकशी चालू असताना इथे ठेवतात. गेल्या रविवारी एक मुलगा घरी जाणार होता. मी नेहमीचा उपदेश केला, "बाहेर गेलास की जुन्या मित्रांचं नाव काढू नकोस."

तो म्हणाला, "सोडतो ना दादा. पण मग बोलायचं कोणाशी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संगत बिघडवते, हे खरंच. आतही दादागिरी चालते, नको ते शिकलं जातं. पण नवा मुलगा पहिल्या रात्री जेवत नाही, तेव्हा त्याच्या ताटाशेजारी येऊन बसतो तोही त्यांच्यातलाच एक असतो.

घरी येऊन पसायदान म्हणताना पहिल्यांदाच क्रम लक्षात आला. माऊली दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावा म्हणतात. मग सत्कर्माची गोडी, आणि लगेच जीवांचं मैत्र. मी मात्र "सोड" म्हणून पहिल्याच पायरीवर थांबलो होतो.

परंपरेनुसार माऊलींचा जन्म 1275 चा, ज्ञानेश्वरी 1290 ची. म्हणजे हे मागणारा स्वतः पंधरा वर्षांचा, माझ्या वर्गातल्या मुलांएवढाच! आणि काही गुन्हा नसताना भावंडांसकट वाळीत टाकलेला. मैत्र नसणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं.

2015 च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि बहुतेक प्रकरणांत ठरावीक मुदतीनंतर नोंदही नष्ट करतात. डेटाबेसमधून डिलीट झालं, पण आपल्या डोक्यातल्या कॅशचं काय? गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत असाच एक मुलगा परत आला, तेव्हा मी पुतण्याला खाली खेळायला पाठवणं बंद केलं. पसायदान मात्र रोज म्हणत होतो.

म्हणून आजचा संकल्प छोटासाच: जुनी संगत सोडायला सांगण्याआधी नवी संगत द्यायची. आज संध्याकाळी पुतण्यासोबत मीही बॅट घेऊन खाली उतरणार आहे. त्या मुलाला हाक मारायची आहे.

तुमच्या आसपास अशी हाक कोणाला मारायची राहिली आहे?

राम कृष्ण हरी!