करुणेच्या पुढचे पाऊल

समाजातील एखाद्या दुःखावर नृत्य बसवून ते लोकांपुढे मांडणाऱ्या समकालीन नृत्यसंस्था आता आपल्याकडे नवीन राहिलेल्या नाहीत. हुंडा, स्त्रियांवरील अत्याचार, विस्थापन, बालमजुरी, दुर्धर रोग असे विषय घेऊन त्या शाळांत जातात, वस्त्यांत जातात, आणि आपल्या मंडळांच्या वार्षिकोत्सवांतही येतात. प्रयोग संपतो, टाळ्या होतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि आपण काहीसे गंभीर होऊन घरी परततो. या गांभीर्याचे मोल काय, हा प्रश्न येथे विचारावासा वाटतो. दुसऱ्याचे दुःख नाचून दाखवण्याचा अधिकार कोणाला, आणि ते पाहिल्याने पाहणाऱ्यावर कोणते ऋण चढते?

अशा नृत्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप म्हणजे त्यात कलेचा प्रचार होतो हा. तो आम्हाला फारसा अवघड वाटत नाही, कारण त्याचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी मुंबईत ‘इप्टा’ ही लोकनाट्य चळवळ स्थापन झाली. दुष्काळग्रस्तांसाठी गावोगाव गाऊन-नाचून निधी जमवणाऱ्या पथकांतून तिला बळ मिळाले. उदयशंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेले शांती बर्धन या चळवळीच्या मध्यवर्ती पथकाचे नृत्यदिग्दर्शक झाले. परवशता, शोषण, भूक हेच त्या नृत्यांचे विषय होते. पुढे १९५२ साली बर्धन यांनी ‘लिटल बॅले ट्रूप’ ही संस्था काढली आणि जिवंत माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी हालतात असे रामायण बसवले. १९५४ साली ते क्षयाने गेले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि सहकारी प्रभात गांगुली यांनी संस्था चालवली. १९६०च्या दशकात ती ग्वाल्हेरला आली आणि नंतर भोपाळला स्थिरावली. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतील ज्येष्ठांना तिची आठवण असेल. प्रचारात मुरलेल्या हातांनी इतके कसदार रामायण घडवले, एवढे सांगितले म्हणजे प्रचाराने कला मरतेच, हे म्हणणे टिकत नाही. वाईट कला प्रचाराशिवायही होते.

दुसरा आक्षेप मात्र खोल आहे आणि तो आपल्याच परंपरेतून निघतो. शोक या स्थायीभावाचा करुणरस होतो आणि रसिक त्याचा आस्वाद घेतो, हा आपल्या रसविचाराचा गाभा. परंतु दुसऱ्याच्या शोकाचा आस्वाद घेणे निर्दोष कसे? भट्टनायकाने याला साधारणीकरणाचे उत्तर दिले आणि अभिनवगुप्ताने ते पुढे नेले. रंगभूमीवरचा शोक अमुक एका व्यक्तीचा राहत नाही. तो नटाचा नसतो, प्रेक्षकाचा नसतो, आणि सीतेचा म्हणावा तर तोही देशकालाच्या बंधनांतून सुटलेला असतो. कोणाच्याही मालकीचा नसलेला शोक चाखण्यात पाप नाही.

जागृतीसाठी केलेले नृत्य नेमके हेच साधारणीकरण मोडते. ते सांगते, ‘हा शोक मालकाविना नाही. याची मालकीण पुलापलीकडच्या वस्तीत राहते. उद्या सकाळी ती पाण्याच्या रांगेत उभी असेल.’ एकदा हे कळले की आस्वाद संशयास्पद होतो. डोळ्यांत आलेले पाणी रसिकतेचे, की दुसऱ्याच्या विपत्तीवर स्वतःचे मन हलके करून घेण्याचे? प्रेक्षक रडला आणि त्या रडण्यानेच त्याला कर्तव्य पार पडल्यासारखे वाटले, तर त्या नृत्याने जागवले कमी आणि निजवले अधिक, असे म्हणावे लागेल. या पेचातून बाहेर पडण्याचे काही मार्ग कलावंतांनी शोधले आहेत. त्यांतले तीन पाहू.

पहिला मार्ग गुजरातेतला. मृणालिनी साराभाई यांनी १९४९ साली अहमदाबादेत ‘दर्पण’ ही संस्था स्थापन केली. सौराष्ट्रात तरुण विवाहिता विहिरीत उडी घेऊन जीव देतात, अशा बातम्या त्यांच्या वाचनात वारंवार येत होत्या. त्या अस्वस्थतेतून १९६०च्या दशकात त्यांनी ‘मेमरी इज अ रॅगेड फ्रॅगमेंट ऑफ इटर्निटी’ ही रचना केली. भरतनाट्यम्‌मध्ये अभिनयाला आधार असतो तो पदाच्या शब्दांचा. मृणालिनीबाईंनी ते शब्दच काढून टाकले आणि केवळ सोल्लुकट्टूवर, म्हणजे तोंडाने म्हटल्या जाणाऱ्या तालाच्या बोलांवर, त्या स्त्रीची कथा उभी केली. ज्या बोलांवर तोवर शुद्ध, अर्थनिरपेक्ष नृत्त होत असे, त्यांनाच सासरचा जाच आणि असहायता व्यक्त करायला लावले. ज्या सुनेला घरात बोलण्याची मुभा नव्हती, तिच्यासाठी शब्दहीन बोल निवडणे यात मोठे औचित्य होते. ही स्त्री कोणत्या गावची हे प्रेक्षकाला कळत नाही, म्हणून साधारणीकरण शाबूत राहते. परंतु वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ती ओळखूही येते. हा मार्ग प्रतिनिधित्वाचा आहे. जी स्वतः बोलू शकत नाही, किंबहुना जी आता जिवंतच नाही, तिच्या वतीने दुसरी नाचते. मृतांच्या बाबतीत याहून वेगळा मार्ग नसतो, आणि म्हणून तो नाकारता येणार नाही.

दुसरा मार्ग अमेरिकेतला, आणि त्यावरचा वाद सर्वच मंडळांनी विचारात घ्यावा असा आहे. बिल टी. जोन्स या नृत्यकाराने १९९४ साली ‘स्टिल/हिअर’ ही रचना सादर केली. त्याआधी त्यांनी अनेक शहरांत गंभीर आजार असलेल्या लोकांसाठी कार्यशाळा घेतल्या. त्या लोकांचे बोलणे आणि त्यांच्या हालचाली यांतून नृत्य आकाराला आले. रंगमंचावर नाचले ते संस्थेचे नर्तक, पण कार्यशाळांतील रुग्णांचे चित्रित चेहरे आणि आवाज प्रयोगात होते. जोन्स स्वतः एचआयव्हीबाधित होते आणि त्यांचे सहचर व सहकारी आर्नी झेन १९८८ साली वारले होते. ‘न्यू यॉर्कर’च्या नृत्यसमीक्षक अर्लीन क्रोची यांनी मात्र हा प्रयोग पाहण्यास नकार दिला आणि न पाहताच त्यावर लेख लिहिला. खऱ्या पीडितांना पुढे केले की समीक्षकाचे तोंड बंद होते, ज्यांची कीव येते त्यांच्या कलेचे परीक्षण कसे करावे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यावर अमेरिकेत मोठे वादळ उठले.

न पाहता निवाडा देणे आम्हाला मान्य नाही. तरीही क्रोची यांनी दाखवलेली अडचण खोटी नव्हती. मरणाच्या छायेतील माणूस समोर असताना ‘दुसरा अंक पसरट झाला’ असे म्हणायला जीभ रेटत नाही. येथे त्यांनी कलेला दोष दिला. आमच्या मते दोष पाहणाऱ्याच्या कीव करण्यात आहे. ज्याची कीव येते त्याला आपण बरोबरीचा मानत नाही, आणि ज्याला बरोबरीचा मानत नाही त्याच्या कामाचे मोजमापही करत नाही. आजारी माणसाचे परीक्षण करता येत नसेल, तर त्याची स्तुतीही पोकळच ठरेल. परीक्षण न करण्यात दिसायला सौजन्य असते, आत मात्र अवमान असतो.

या कोंडीतून निघालेला तिसरा मार्ग आम्हाला सर्वांत पुढचा वाटतो. अस्ताद देबू यांचा जन्म १९४७ साली नवसारीचा. कथक आणि कथकळी शिकून, जगभर हिंडून त्यांनी स्वतःची समकालीन नृत्यशैली घडवली. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी कोलकात्याच्या ‘अ‍ॅक्शन प्लेयर्स’ या कर्णबधिर कलावंतांच्या संस्थेबरोबर आणि पुढे चेन्नईच्या क्लार्क शाळेतील कर्णबधिर मुलींबरोबर काम केले. २००५ साली मेलबर्न येथे भरलेल्या कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये या मुलींनी नृत्य सादर केले. ज्याला संगीत ऐकू येत नाही त्याने तालात नाचायचे कसे? मोजणीने, नजरेच्या खुणेने, शेजारच्या नर्तिकेच्या हालचालीशी आपला श्वास जुळवून. त्यासाठी सराव चारपट लागतो आणि शिकवणाऱ्याची चिकाटीही तितकीच. देबू यांनी १० डिसेंबर २०२० रोजी जगाचा निरोप घेतला, तोवर हे काम त्यांच्या नावाशी जोडले गेले होते.

या मुली बहिरेपणावर नाचत नव्हत्या, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांच्या नृत्याचा विषय आकार, लय, अवकाश हाच होता, जो कोणाही समकालीन नर्तकाचा असतो. पीडिताला रंगमंचावर आणायचे आणि त्याने तेथेही पीडिताचीच भूमिका करायची, हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. गरिबाला दारिद्र्याविषयीच बोलू द्यायचे, विधवेला वैधव्याविषयीच. पाऊस, भूमिती, विनोद, अध्यात्म हे विषय जणू सुखवस्तूंची मिरास. देबू यांनी ती मिरास मोडली. कर्णबधिरांविषयीची जाणीव प्रेक्षकांत जागी झाली ती याच कारणाने. एखादे भाषण जे करू शकले नसते ते चुकता न चुकणाऱ्या समेने केले.

याच वाटेवर कोलकात्याची ‘संवेद’ ही संस्था आहे. सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली स्थापन केलेली ही संस्था मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्याच्या माध्यमातून उपचाराचे काम करते. ज्या देहाचा व्यापार झाला तो पुन्हा स्वतःचा वाटावा, यासाठी हालचाल हेच साधन. त्यांतल्या काही जणी पुढे स्वतः शिक्षिका झाल्या. येथे तर प्रेक्षक असलाच पाहिजे असेही नाही. आपल्या जागे होण्यासाठीच दुःखिताने नाचावे, ही अपेक्षाही थोडी अहंकाराचीच आहे, हे अशा कामाकडे पाहून ध्यानात येते.

हे सर्व दूरचे आहे असे वडोदऱ्याच्या वाचकांना तरी म्हणता येणार नाही. १८८० साली सयाजीराव महाराज तिसरे यांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला. तंजावरला मराठी भोसले घराण्याचे राज्य होऊन गेले होते. सरफोजी राजांच्या नावावर मराठीतील नृत्यरचना आहेत. मराठी सत्तेच्या या दोन टोकांमध्ये नाते जुळले तेव्हा वधूबरोबर नर्तकींचा आणि वादकांचा ताफा वडोदऱ्याला आला. त्यांत गौरा आणि कांतिमती या दोन नर्तकी होत्या. हुंड्याबरोबर आल्या, असेच त्यांच्याविषयी लिहिले जाते. त्यांच्या नृत्याची वाखाणणी झाली, दरबारातून तनखा मिळाला. पण ज्या यादीत दागिने आणि भांडी असतात तीत माणसांची नावे बसवताना कोणाला काही खटकले असेल, असे वाटत नाही. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्याचे गुरू झाले. वस्तू म्हणून आलेल्या घराने दुसऱ्या पिढीत आचार्यपद मिळवले. आणि जे नृत्य एका लग्नात हुंड्याबरोबर आले, त्याच नृत्याच्या बोलांत त्याच गुजरातेत मृणालिनीबाईंनी सासुरवाशिणींच्या मरणाची कैफियत मांडली. इतिहासाने जुळवलेला हा योग आपल्याला विचार करायला लावणारा आहे.

दरबारातील रसिकांना सौंदर्यदृष्टी नव्हती असे कोण म्हणेल? त्यांना कला दिसली, कलावती दिसली नाही. आजच्या आपल्या सभागृहांत नेमके उलटे होण्याचा धोका आहे. आपल्याला दुःखी व्यक्ती दिसते, तिची कला दिसत नाही. पहिल्याने माणसाची वस्तू केली, दुसऱ्याने माणसाचे उदाहरण केले. दोन्हींत अर्धेच पाहणे आहे. पुरे पाहणे म्हणजे आदर, आणि आदर हे करुणेच्या पुढचे पाऊल आहे. करुणा त्याज्य नव्हे. तिच्याशिवाय आपण सभागृहापर्यंतही गेलो नसतो. पण तिथेच थांबलेला माणूस दात्याच्या आसनावरून उतरत नाही.

म्हणून अशा संस्थेला आपले मंडळ पुढल्या वेळी बोलावील तेव्हा काही साध्या कसोट्या आपण स्वतःला लावाव्यात. एखाद्या गवयाला आपण जे मानधन देतो तेच या नर्तकांना दिले का, की ‘समाजकार्य’ म्हणून प्रवासखर्चावर भागवले? प्रयोगानंतर त्यांना आपण त्यांच्या हालअपेष्टा विचारल्या, की तालाविषयी काही विचारले? चुकलेली जागा आपल्या ध्यानात आली का, आणि ती सांगण्याइतके त्यांना आपण बरोबरीचे मानले का? आणि ज्या अन्यायाविषयी ते नाचले तो आपल्या घरात, आपल्या नात्यातल्या लग्नाच्या बैठकीत, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या पगारात कोठे दडला आहे का, हे दुसऱ्या दिवशी पाहिले का?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणताही नर्तक आपल्या वतीने देऊ शकत नाही. दुःख पाहण्याजोगे करणे एवढे त्याचे काम, आणि ते चोख झाले की त्याचे ऋण फिटले. पाहणाऱ्याचे ऋण तेथून सुरू होते, आणि ते टाळ्यांनी फिटत नाही.