फोटोवाला कुणाच्या बाजूचा?

लग्नात फोटोग्राफरनं कुठल्या पंगतीला बसायचं, याचा नियम कुठं लिहिलेला नाही. मुलाकडचे म्हणतात, हा मुलीकडचा माणूस. मुलीकडच्यांना वाटतं, ह्याला पाहुण्यांनी आणलाय, ते बघतील. शेवटी वाजंत्रीवाले, मांडववाले आणि आपण असे उरलेल्या पंगतीला बसतो. मी वीस-बावीस वर्षं असा जेवलो. वाईट वाटायचं काही कारण नव्हतं, वांग्याची भाजी तळाला जास्त मुरलेली असते. पण त्या पंगतीला बसून एक प्रश्न डोक्यात शिरला तो अजून निघालेला नाही. लग्नात फोटो काढणारा माणूस नेमका कुणाच्या बाजूचा असतो? पैसे देणाऱ्याच्या, नवरा-नवरीच्या, की समोर जे घडतंय त्याच्या?

हजार माणसांच्या लग्नात हा प्रश्न पडत नाही. तिथं फोटोवाला म्हणजे मांडवाची एक मेढ. पण जिथं तीस-चाळीसच माणसं असतात, अंगणात किंवा घराच्या सोप्यात लग्न लागतं, तिथं तो एकटाच परका असतो. बाकीच्यांना तिथं नात्यानं जागा मिळालेली असते, ह्याला पैशानं. आणि सगळ्यांत जवळून बघतो तोच.

मी मूळचा शेतकरी. वाई तालुक्यात अडीच एकर रान, त्यात हळद, ऊस, थोडी ज्वारी. १९७७ साली दहावी झालो आणि शाळा तिथंच संपली. १९८४ साली एका स्टुडिओवाल्याकडून जुना याशिका कॅमेरा घेतला. दोन भिंगांचा, छातीशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचा. त्यात चित्र उलटं दिसायचं, म्हणजे डावीकडचा माणूस उजवीकडं. नवा माणूस गडबडून जातो, मला महिन्याभरात सवय झाली. तुळशीचं लग्न झालं की आमची सराई सुरू व्हायची, ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. चातुर्मासात कॅमेरा फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि भांगलणीला लागायचं.

त्या कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये 12 फोटो निघायचे. बहुतेक लग्नं दोन रोलची. म्हणजे सगळं लग्न 24 फोटोंत बसवायचं. आताच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात, ते तेवढे फोटो नवरीच्या मेंदीचेच काढतात. पण 24 फोटोंचा हिशेब फार कडक असतो. मुलीचा बाप आधीच सांगायचा: हार घालताना, अक्षता, कन्यादान, सप्तपदी, व्याही भेट, आणि अमुक साहेब आले की त्यांचे तीन तरी. साहेबांच्या तिनात नवरीच्या आजीचा फोटो जायचा. कोण मोजायचा आणि कोण नाही, हे रोलवर ठरायचं. पुढं 36 फोटोंचा रंगीत रोल आला, आजीला जागा झाली.

छोटं लग्न त्या काळी कुणी हौसेनं करत नव्हतं. एक तर घरात पैसा नसायचा, नाही तर लग्न लपवायचं असायचं. मी केलेलं सगळ्यांत छोटं लग्न १९९१ सालचं, साताऱ्याच्या नोंदणी कार्यालयातलं. मुलगा माझ्या ओळखीचा, दूध संस्थेत कामाला. मुलगी नर्सिंग शिकत होती. जाती वेगळ्या, दोन्ही घरांतून विरोध. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर आधी 30 दिवसांची नोटीस लावावी लागते. ते 30 दिवस त्या दोघांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. फळ्यावरचा कागद कुणी ओळखीच्यानं वाचला असता तर सगळंच संपलं असतं.

कायद्याला तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र आले. तिसऱ्याची एस.टी. चुकली असा निरोप आला. एस.टी. चुकली नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. मुलगा माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "दादा, तुम्ही कराल का सही?" मी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि सही केली. मग कॅमेरा उचलून परत मान खाली घातली. दोघांनी एकमेकांना कायद्यानं ठरवलेलं वाक्य म्हणून दाखवलं, मुलीचा आवाज एकदा बसला, हार घातले. हार दहा रुपयांचे असतील. मी पाच फोटो काढले.

उरलेल्या सात फोटोंत दुसऱ्या दिवशी एका घरचं बारसं घेतलं. रात्री रोल धुतला. चार दिवसांनी मुलगी एकटीच फोटो न्यायला आली. म्हणाली, "दादा, निगेटिव्ह पण द्याल का?" आमच्या धंद्यात निगेटिव्ह फोटोवाल्याकडं राहायची, कारण पुन्हा प्रत काढायचे पैसे त्यातच. रीत तशी होती. १९५७ चा कॉपीराइट कायदा मात्र उलट सांगतो. पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर तो फोटो काढून घेणाऱ्याचा. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी कात्रीनं तेवढी पट्टी कापली, कागदात गुंडाळून तिला दिली. बारशाचे सात माझ्याकडं राहिले.

त्या सहीचा मी नंतर पुष्कळ विचार केला. साक्षीदार म्हणजे कोण? ज्यानं डोळ्यांनी बघितलं तो. कोर्टानं विचारलं तर त्यानं खरं सांगायचं असतं. पण म्हणून तो चावडीवर जाऊन बोंब मारत नाही. मला वाटतं फोटोवाल्याचं नातंही त्याच जातीचं आहे. त्यानं बघायचं सगळं, त्यासाठीच त्याला आत घेतलेलं असतं. दाखवायचं मात्र ज्याचं त्याला. आमच्या वेळी स्टुडिओच्या काचेच्या कपाटात देखण्या नवऱ्यांचे फोटो लावलेले असायचे, सगळा बाजार ते बघत जायचा. आता ते कपाट मोबाईलमध्ये आलं. माझा पुतण्या हा धंदा चालवतो. लग्न संध्याकाळी, फोटो रात्री इन्स्टाग्रामवर, असं त्याचं चाललेलं. मी त्याला बुकिंगच्या कागदावर एक ओळ घालायला लावली, फोटो दुसऱ्यांना दाखवायचे की नाही. त्यावर नवरा आणि नवरी, दोघांची वेगवेगळी सही. पहिल्या वर्षी कुरकुरला. आता म्हणतो, "काका, पोरी सही करायच्या आधी ती ओळ दोनदा वाचतात."

पण साक्षीदाराची गोष्ट बोलायला सोपी आहे. आणखी एक लग्न सांगतो, नव्वदच्या दशकातलंच. मुलीचा बाप वारलेला, दारात मांडव, पन्नासभर माणसं. कन्यादानाला चुलता-चुलती बसली. आई विधवा, म्हणून ती स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी. अक्षता पडत होत्या तेव्हा तिच्या मुठीत पण अक्षता होत्या. तिनं तिथूनच टाकल्या, त्या वाटेतच पडल्या. त्या वेळेला सगळे फोटोवाले पाटावर नेम धरून असतात. मी चौकटीकडं वळलो आणि एक फोटो घेतला.

फोटो बघताना चुलता म्हणाला, "हा अल्बमला लावू नका. पाहुणे नावं ठेवतील." माणूस वाईट नव्हता. भावाच्या लेकीचं लग्न त्यानं कर्ज काढून केलं होतं. अल्बम त्याच्या पैशाचा, मी तो फोटो लावला नाही. पण पाचपरतावनाला मुलगी माहेरी आली तेव्हा तिच्या हातात नेऊन दिला. तिनं काही न बोलता साडीच्या घडीत ठेवला.

यावरून थोरल्या भावाचं आणि माझं चांगलंच वाजलं. तो म्हणाला, "पैसे कुणी दिले? त्यानं नको म्हणल्यावर तू कोण देणारा?" मी म्हणालो, लग्न तिचं, आई तिची. तो म्हणाला, "आणि उद्या त्या फोटोवरून सासरी बोलणं झालं, तर निस्तरायला तू जाणार हाईस का?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. तरी परत तशी वेळ आली तर मी तेच करीन. फोटोवाला समाज सुधारायला आलेला नसतो, आईला हाताला धरून पाटावर बसव म्हणायचा त्याला अधिकार नाही. पण भिंग कुणीकडं वळवायचं एवढं तरी त्याच्या हातात असतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पुढं सरकारनंही बाकीच्या गावांना तसंच करायला सांगितलं. ती बातमी पेपरात वाचली तेव्हा मला ती चौकट आठवली. ठराव झाला म्हणून सगळ्या चौकटी रिकाम्या झाल्या असं मी म्हणणार नाही.

आता लोक नावं ठेवतात ती प्री-वेडिंगला. आमच्या भागात मेणवलीचा घाट, धोमचं पाणी, कासचं पठार, सगळीकडं जोड्या आणि त्यांच्या मागं कॅमेरे. म्हातारी माणसं म्हणतात, हे नाटक आहे, खोटं आहे. मला तसं वाटत नाही. आमच्या स्टुडिओत काय खरं होतं? मागं ताजमहालाचा पडदा, नवऱ्याच्या मनगटाला मेव्हण्याचं घड्याळ, आणि "हात खांद्यावर ठेवा" हे मीच सांगायचो. त्या नवरा-नवरीनं त्याआधी एकमेकांशी चार वाक्यं बोललेली नसायची. उभं करून फोटो काढला म्हणून तो खोटा होत नाही. आजीला रोलमधून गाळलं, आईला अल्बममधून गाळलं, खोटं तिथं होतं. उलट साखरपुडा झालेल्या पोरा-पोरीला फोटोच्या निमित्तानं चार तास घरच्यांशिवाय बोलता येतं, ही गावाकडं अजून मोठी गोष्ट आहे. पुतण्या सांगतो, पहिल्या तासाचे फोटो टाकूनच द्यायचे असतात, दोघं लाकडासारखी उभी असतात.

कोरोनानं छोट्या लग्नाची लाज घालवली. २०२० मध्ये 50 माणसांची मर्यादा आली, २०२१ च्या एप्रिलात तर 25 माणसं आणि दोन तास. ज्यांना परवडतं अशीही काही घरं आता मुद्दाम तीस-चाळीस माणसांत लग्न करतात. पुतण्याला ही कामं आवडतात, पण दमवतात. "काका, मोठ्या लग्नात चेहरे बघायला वेळ नसतो. इथं सगळं दिसतं."

आणि दिसलं की पंचाईत होते. दोन वर्षांमागं नोव्हेंबरात तो एक जोडी आमच्या हळदीच्या रानात घेऊन आला. हळद तेव्हा कमरेएवढी असते, पानं रुंद, फोटो हिरवेगार येतात. दोन तासांनी तो माझ्याकडं विहिरीवर आला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवत म्हणाला, "काका, पोरगीच्या मनात न्हाई." मी बघितलं. हसली होती, पण हसायला सांगितलं तेवढंच, आणि प्रत्येक फोटोत तिचा एक हात मुठीत.

पुतण्याचं म्हणणं, आपलं काम फोटोचं, आपण मध्ये पडायचं नाही. मुलाला सांगावं तर तो आपलं गिऱ्हाईक. बापाला सांगावं तर पोरीचीच शोभा, आणि आपला अंदाज चुकला तर? त्याचं सगळं बरोबर होतं. पण दिसलेलं न दिसल्यासारखं कसं करायचं? मी म्हणलं, कुणालाच सांगायचं नाही, जिचं आहे तिला विचारायचं. आणि आपण दोघांनी नाही. त्यानं "जरा उजेड उतरू दे" म्हणून काम थांबवलं, मुलाला चहा दिला. माझी बायको पोरगीला पाणी प्यायला घरात घेऊन गेली.

आत काय बोलणं झालं ते बायकोनं रात्री सांगितलं. तिनं सरळ विचारलं होतं, "बाळा, तुझ्या मनानं चाललंय ना हे?" पोरगी म्हणाली, "काही नाही मावशी, उन्हानं डोकं दुखतंय." बायकोनं आग्रह केला नाही. आपला मोबाईल नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, म्हणाली, ऊन उतरलं नाही तर फोन कर. पोरगीनं चिठ्ठी घेतली.

लग्न डिसेंबरात झालं, चाळीस माणसांत. पुतण्यानं फोटो मला मुद्दाम आणून दाखवले. मी चष्मा लावून एकेक बघितला. मूठ शोधली. कुठं उघडी होती, कुठं हारात झाकलेली. चाळीस वर्षं माणसांचे चेहरे बघत आलोय, पण त्या चेहऱ्यावरून मला काही सांगता येईना. पुतण्याही काही बोलला नाही.

बायको मात्र महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपत होती. मे महिन्यात तिचा फोन आला. बायको सोप्यात उभी राहून बोलत होती, मी कान देऊन ऐकत होतो. कशी आहेस, सासू कशी आहे, नर्सरीत शिकवायला जातेस का, बरं बरं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"यंदाची हळद निघाली का म्हणाली. दोन किलो पाहिजे तिला."